तयार भाषणे पुरे. मुलांना स्वतःचे लिहू द्या!

दरवर्षी १४ एप्रिल जवळ आला की महाराष्ट्रातल्या शाळांत आणि वस्त्यांत एकच शोध सुरू होतो : 'बाबासाहेबांवर पाच मिनिटांचे भाषण'. शिक्षक मोबाईलवर शोधतो, पालक शोधतो, आणि क्षणात दहा तयार भाषणे समोर येतात. त्यातले एक वहीत उतरते. पोर ते पाठ करते आणि जयंतीच्या मंचावर न अडखळता म्हणून दाखवते. टाळ्या पडतात, बक्षीस म्हणून कंपासपेटी मिळते. त्या भाषणात 'बाबासाहेबांनी आपल्याला स्वतः विचार करायला शिकवले' हे वाक्य हमखास असते. एकाने लिहिलेले, दुसऱ्याने उतरवलेले आणि तिसऱ्याने पाठ केलेले! त्या मुलाला बाबासाहेबांविषयी स्वतः काय वाटते, त्याच्या आजीने त्याला काय सांगितले, हे मात्र कोणी विचारत नाही.

ही भाषणे येतात कोठून? बरीचशी शिक्षकांच्याच ब्लॉगवरून येतात. म्हणून आज आम्ही या ब्लॉगविषयी लिहीत आहोत. चळवळीच्या वाचकांना हा विषय तांत्रिक वाटेल, पण तो तांत्रिक नाही. कोणी लिहायचे आणि कोणी फक्त उतरवून काढायचे, असा हा जुनाच प्रश्न आहे.

ब्लॉग म्हणजे इंटरनेटवरची फुकट मिळणारी वही. 'ब्लॉगर' ही सेवा १९९९ मध्ये सुरू झाली आणि २००३ मध्ये ती गुगलने विकत घेतली. एक ईमेल खाते, एक साधा मोबाईल आणि मराठी कळफलक एवढ्यावर कोणालाही तेथे लिहिता येते. लिहिलेल्यावर तारीख पडते, नवे वर येते, जुने खाली जपून राहते आणि जगात कोठूनही ते वाचता येते. छापखाना लागत नाही, कागद लागत नाही, जाहिरातदाराच्या पाया पडावे लागत नाही. ज्या समाजाच्या 'मूकनायक'ची जाहिरात १९२० साली पैसे देऊनही 'केसरी'ने छापली नाही, त्या समाजाला या गोष्टीची किंमत कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

महाराष्ट्रातल्या जिल्हा परिषद शिक्षकांनी हे साधन हाती घेतले, हे आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम आला. त्या काळात गावोगावी 'तंत्रस्नेही' शिक्षक तयार झाले. अनेकांनी पदरचे पैसे घालून मोबाईल घेतले, नेटपॅक मारले आणि रात्री जागून ब्लॉग उभे केले. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या शाळेतील रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तो पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोडची जोड देण्याच्या त्यांच्या कामाची दखल घेऊनच. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला संगणक येत नाही, असे म्हणणाऱ्यांची तोंडे तेव्हाच बंद झाली.

पण त्या ब्लॉगांवर आहे काय? शासन निर्णय आहेत. परिपाठ, सुविचार, शिष्यवृत्तीच्या सराव प्रश्नपत्रिका, रजेच्या अर्जाचे नमुने आहेत. आणि आहेत तयार 'वर्णनात्मक नोंदी'. २०१० मध्ये राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. त्यामागचा विचार असा की प्रत्येक मुलाकडे शिक्षकाने वेगळे पाहावे आणि त्याच्याविषयी जे दिसले ते लिहावे. आज त्या नोंदींच्या याद्या ब्लॉगवर मिळतात. 'वर्गात उत्साहाने सहभागी होतो', 'स्वच्छतेची आवड आहे' अशी वाक्ये उचलायची आणि रकाने भरायचे. दोष एकट्या शिक्षकाचा नाही. निवडणुकीपासून ऑनलाईन माहिती भरण्यापर्यंतची सारी ओझी त्याच्याच पाठीवर आहेत. परंतु परिणाम असा झाला की ज्या ब्लॉगवर मुलांचा आवाज उमटायला हवा होता, तेथे शाळेच्या कचेरीचे कपाट उघडले. शिक्षकांनी शिक्षकांसाठी केलेले ते काम उपयोगाचे आहे, ते राहू द्यावे. पण त्यात विद्यार्थी कोठे आहे?

हा प्रश्न आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या कळंबच्या निमित्ताने विचारत आहोत, त्याला कारण आहे. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. उद्घाटनासाठी बोलावलेल्या लेखिका नयनतारा सहगल यांचे निमंत्रण ऐनवेळी मागे घेतले गेले आणि महाराष्ट्रभर निषेध उमटला. अखेर ११ जानेवारीला उद्घाटन केले ते कळंब तालुक्यातील राजूरच्या वैशाली येडे यांनी. नवऱ्याने आत्महत्या केलेली, अंगणवाडीत काम करून लेकरे वाढवणारी ही बाई मोठमोठ्या साहित्यिकांसमोर उभी राहिली आणि आपल्या जगण्याविषयी बोलली. सारा मंडप ऐकत होता. त्यांना ते भाषण कोणत्याही ब्लॉगवरून उतरवून घ्यावे लागले नाही.

त्या दिवशी कळंब तालुक्याचे नाव महाराष्ट्राने ऐकले. एरवी हे गाव लोकांना ठाऊक असते ते चिंतामणीच्या देवळामुळे, नाहीतर शेतकरी आत्महत्यांच्या बातम्यांतून. आमचा सवाल साधा आहे. वैशालीताईंना बोलण्यासाठी एक संमेलन मोडकळीस यावे लागले. मग कळंब तालुक्यातल्या सहावी-सातवीतल्या पोरांनी बोलण्यासाठी कशाची वाट पाहायची?

या पोरांजवळ सांगण्यासारखे काही नाही, असे कोण म्हणेल? २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्याच हंगामात बोंडअळीने पऱ्हाटी पोखरली. वर्तमानपत्रांनी आकडे छापले, मंत्र्यांचे दौरे छापले. पण फवारा पाठीवर घेऊन गेलेला बाप संध्याकाळी घरी आला तेव्हा त्याचे डोळे कसे दिसत होते, हे त्याच्या मुलीने पाहिले होते. तिने ते कोठे लिहिले? त्या वर्षीही शाळेत निबंधाला 'माझा आवडता ऋतू' हाच विषय असेल, तर तो कोणाच्या सोयीचा होता?

आणखी एक काम तर घाईचे आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली. विदर्भातल्या खेड्यापाड्यांतून माणसे पायी, बैलबंडीने, रेल्वेने गेली. त्या दिवशी जे दहा वर्षांचे होते, ते आज ऐंशीच्या घरात आहेत. अशी एक आजी, असे एक आजोबा आपल्या गावात अजून असतील. त्यांच्यासोबत कोण होते, शिदोरीत काय होते, परत आल्यावर घरातले देव कोठे गेले, हे त्यांना नातवंडांनी विचारायचे नाही तर कोणी? विद्यापीठाचा संशोधक प्रत्येक वस्तीत पोहोचणार नाही. पाचवीतली नात पोहोचू शकते. ती त्याच घरात राहते. तिने विचारावे, वहीत लिहावे आणि शाळेने ते ब्लॉगवर चढवावे. याच जिल्ह्यातल्या कोलाम पोडांवरच्या मुलांनी घरी बोलल्या जाणाऱ्या कोलामी भाषेतले शब्द आणि त्यांचे मराठी अर्थ लिहून काढले, तर शाळेला स्वतःचा शब्दकोश मिळेल. नव्या शिक्षकाला पहिल्या दिवशी त्याचा उपयोग होईल.

हे आमच्या डोक्यातून निघालेले खूळ नाही. त्याची परंपरा क्रांतिबा जोतीराव आणि सावित्रीमाई फुले यांच्या शाळेत आहे. त्या शाळेत शिकलेली मुक्ता साळवे ही मातंग समाजातली शाळकरी मुलगी. महार-मांगांच्या दुःखाविषयी तिने लिहिलेला निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला. आपल्या माणसांना जमिनीवरून कसे हाकलले जाते, आपल्या बायका बाळंत होताना त्यांच्या डोक्यावर छप्परही कसे नसते, हे तिने लिहिले. ज्यांना वेद वाचण्याचा अधिकारच नाही त्यांचा धर्म कोणता, हा प्रश्न तिने पेशवाई संपून चाळीस वर्षेही झाली नव्हती त्या पुण्यात बसून विचारला. फुले दाम्पत्याने तिला अक्षरे शिकवली. त्यासोबत तिने जे पाहिले ते लिहू दिले, आणि ते छापले गेले. म्हणून आज पावणेदोनशे वर्षांनंतरही आपण मुक्ताचे नाव घेतो. तिच्या वर्गात शुद्धलेखनात पहिला कोण आला होता, हे कोणाच्या लक्षात आहे?

फ्रान्समध्येही एका खेड्यातल्या मास्तराने हेच केले. सेलेस्टिन फ्रेने हा पहिल्या महायुद्धात जखमी होऊन आलेला प्राथमिक शिक्षक. १९२४ मध्ये त्याने आपल्या शाळेत एक लहानसा हातछापखाना आणला. मुले आपल्या घरचे, शेतातले, रस्त्यातले लिहीत, स्वतः खिळे जुळवीत, छापीत आणि दूरच्या शाळेतल्या मुलांना पाठवीत. तिकडून उत्तर येई. आपले लिखाण मास्तराच्या लाल शाईसाठी नाही, कोणीतरी खरोखर वाचणार आहे, हे कळले की मूल जीव लावून लिहिते, हा त्याचा अनुभव जगभरच्या शिक्षकांनी उचलला. त्याला छापखाना विकत घ्यावा लागला. आपल्या शिक्षकाच्या खिशात तो मोबाईलच्या रूपाने आधीच आहे.

बाबासाहेबांचेच बालपण आठवा. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत भिवा रामजी हे नाव दाखल झाले. २०१७ पासून महाराष्ट्रात हा दिवस 'विद्यार्थी दिवस' म्हणून पाळला जातो. पुढच्याच वर्षी वडिलांना भेटण्यासाठी निघालेली ही पोरे मसूर स्टेशनवर उतरली. ती महारांची आहेत हे कळताच गाडीवान मिळेना, रात्रभर पाणी मिळेना. ही हकीकत बाबासाहेबांनी कागदावर उतरवली ती तीस-पस्तीस वर्षांनंतर, बॅरिस्टर झाल्यावर, जगभर नाव झाल्यावर. ते पोर सुट्टीनंतर शाळेत परत आले, तेव्हा 'भिवा, सुट्टीत काय घडले ते लिही' असे त्याला कोणी म्हटले असेल का? ज्या वर्गात गोणपाटावर वेगळे बसावे लागत होते, तेथे कोण म्हणणार! आज गोणपाट गेले, संविधान आले, शिक्षणहक्क कायदा आला. पण 'सुट्टीत काय घडले ते खरे लिही' असे सांगणारे शिक्षक किती?

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा की मुलांच्या हातात मोबाईल देणे धोक्याचे आहे. आम्हालाही ते मान्य आहे. म्हणूनच मुलांच्या हाती मोबाईल देऊ नका. मुलाने वहीतच लिहावे. शिक्षकाने ते मोबाईलवर टंकावे, नाहीतर बोलून लिहून घ्यावे. मराठीत बोलून टंकण्याची सोय २०१७ पासून आहे. तेही न जमल्यास वहीच्या पानाचा स्पष्ट फोटो टाकावा. साऱ्या शाळेला एक मोबाईल पुरतो.

दुसरा आक्षेप भाषेचा. मूल वऱ्हाडीत लिहिणार, ऱ्हस्व-दीर्घ चुकवणार, मग शाळेची बदनामी होणार! व्याकरणाला आमचा विरोध नाही. दहावीच्या पेपरात प्रमाण मराठी लागते आणि ती आमच्या मुलांना आलीच पाहिजे. पण क्रम बदला. आधी मुलाला बोलीत मनमोकळे लिहू द्या, मग त्याच्यासोबत बसून ऱ्हस्व-दीर्घ सुधारा. 'पऱ्हाटी' हा शब्द खोडून 'कपाशीचे झाड' लिहायला लावू नका. ज्या पोराच्या पहिल्या ओळीवरच पाच लाल गोल होतात, ते दुसरी ओळ उतरवूनच काढते. आता तर यंत्राला विषय सांगितला की अर्ध्या मिनिटात शुद्ध मराठीत निबंध तयार होतो. अशा दिवसांत मुलाने स्वतः पाहिलेली आणि स्वतःच्या शब्दांत सांगितलेली गोष्टच तेवढी त्याची उरते.

तिसरा आक्षेप आम्हाला सर्वांत गंभीर वाटतो, आणि तो आमचा आम्हीच घेत आहोत. इंटरनेटवर नाव टाकणे आपल्या मुलांसाठी खेळ नाही. या देशात आडनाव म्हणजे जातीचा दाखला असतो. २०१५ मध्ये शिर्डीत एका दलित तरुणाचा खून झाला, तो मोबाईलवर वाजलेल्या बाबासाहेबांच्या गाण्यावरून. गावातल्या विहिरीविषयी, मंदिराविषयी, मजुरीविषयी एखाद्या मुलीने खरे लिहिले आणि उद्या त्याचा राग तिच्या बापाच्या रोजीवर निघाला, तर शाळा काय करणार? म्हणून नियम आधी ठरले पाहिजेत. मुलाचे आडनाव, छायाचित्र, पत्ता ब्लॉगवर नको. फक्त पहिले नाव, किंवा मुलाने स्वतः निवडलेले टोपणनाव असावे. पालकांची लेखी संमती घ्यावी. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहितीच्या कायद्यानेही अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीचे तत्त्व स्वीकारले आहे. अनोळखी माणसांच्या प्रतिक्रिया बंद ठेवाव्यात, किंवा शिक्षकाने वाचल्याशिवाय त्या दिसू नयेत. घरातल्या दुःखाविषयी मुलाने लिहिले, तर ते जगाला दाखवण्याआधी शिक्षकाने त्या मुलाशी आणि त्याच्या आईशी बोलावे. काही पाने वहीतच राहावीत. ती लिहिली गेली, शिक्षकाने वाचली आणि त्या पोराला आधार मिळाला, एवढ्यानेही काम होते.

चौथी अडचण व्यवहारातली. शिक्षकाची बदली होते आणि ब्लॉग तेथेच मरतो. खाते त्याच्या खासगी ईमेलवर, पासवर्ड त्याच्या डोक्यात. म्हणून खाते शाळेच्या नावाने काढावे. त्याचा पासवर्ड मुख्याध्यापकांकडे आणि शाळा व्यवस्थापन समितीकडे लिफाफ्यात ठेवावा. शिक्षणहक्क कायद्यानुसार या समितीत तीनचतुर्थांश सदस्य पालक असतात, तेव्हा ही वही पालकांच्याही मालकीची होईल. कंपन्यांवर डोळे मिटून विसंबू नये. ऑर्कुट २०१४ मध्ये बंद पडले, गुगल प्लस २०१९ मध्ये. ब्लॉगवरील सारे लिखाण एका फाईलमध्ये उतरवून घेण्याची सोय असते. ती वर्षातून एकदा वापरावी आणि त्याच्या छापील प्रती काढून एक शाळेत, एक गावच्या वाचनालयात व एक बुद्धविहारात ठेवावी.

आणि सरकारला एक विनंती : याचा शासन निर्णय काढू नका! 'दर सोमवारी पाच नोंदी चढवा आणि लिंक गटशिक्षणाधिकाऱ्यांना पाठवा' असा आदेश निघाला, की दुसऱ्या दिवशी मुलांच्या नावाने तयार नोंदींचा ब्लॉग निघेल. २०१६ मध्ये मुलांसोबत सेल्फी काढून पाठवण्याचा आदेश निघाला होता. शिक्षकांनी विरोध केला आणि तो बारगळला. त्या अनुभवातून शहाणे व्हावे. पंधरा दिवसांतून एका मुलाचे एक पान, तेही खरे, एवढे पुरे.

सरकारकडून अपेक्षा असेल तर ती वेगळी आहे. २०२३ मध्ये शिक्षण विभागाने वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळांच्या 'समूह शाळा' करण्याचे प्रस्ताव मागवले. अशा शाळांची संख्या चौदा हजारांहून अधिक निघाली. यांतल्या बहुतेक शाळा तांड्यांवर, पाड्यांवर, पोडांवर, आडवळणाच्या वस्त्यांवर आहेत. मंत्रालयातल्या फाईलमध्ये अशा शाळेची ओळख म्हणजे पटाचा आकडा, एवढीच. ब्लॉग लिहिल्याने शाळा वाचेल, असा भाबडा दावा आम्ही करणार नाही. पण शाळा बंद झाल्यावर मुलांना किती चालावे लागेल, वाटेत नाला कोठे लागतो, पावसाळ्यात त्याला किती पाणी असते, हे त्याच शाळेतल्या अठरा मुलांनी तारखेसह लिहून ठेवले असेल, तर त्या आकड्याला माणसाचे तोंड येते. न्यायालयात, विधानसभेत, वर्तमानपत्रात ते दाखवता येते. कागद नाही म्हणून आपल्या माणसांनी किती लढाया हरल्या, हे चळवळीला ठाऊक आहे.

आता प्रश्न आपल्या लोकांचा. आपल्यातले हजारो शिक्षक आहेत, बँकांत-कचेऱ्यांत कर्मचारी आहेत, महाविद्यालयांत शिकणारी पोरे-पोरी आहेत. सकाळी उठल्यापासून व्हॉट्सअॅपवर जयभीमचे चित्र पुढे पाठवण्यात आपला किती वेळ जातो? ते चित्र संध्याकाळपर्यंत वाहून जाते. तोच अर्धा तास आठवड्यातून एकदा आपल्या गावच्या शाळेत द्या. शिक्षकाला टंकून द्या. शाळेत जमले नाही तर रविवारी विहारात मुलांना बसवा, आजी-आजोबांना बोलवा, मुलांना प्रश्न विचारू द्या.

आमची सूचना आहे की सुरुवात कळंब तालुक्यातून व्हावी, आणि ती ७ नोव्हेंबरच्या विद्यार्थी दिवशी व्हावी. त्या दिवशी तयार भाषण नको. प्रत्येक मुलाने घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला एकच प्रश्न विचारून यावा : 'तुम्ही शाळेत गेला होता का? गेला नसाल तर का नाही?' जे उत्तर मिळेल ते ज्या बोलीत मिळेल त्या बोलीत लिहावे. ही शाळेच्या ब्लॉगची पहिली नोंद. आणि पुढच्या १४ एप्रिलला मंचावर उभे राहणारे पोर भाषण विसरून अडखळले तरी चालेल. त्याने आपल्या वहीतले पान वाचून दाखवावे. टाळ्या कमी पडतील कदाचित. पण समोर बसलेली त्याची आजी मान वर करून ऐकेल.